बाबांची चूळ

३ फेब्रुवारी

खडू,

तुला आशीर्वाद लिहावेत की नाहीत याचा विचार करत बसले आणि चहा निवला. म्हणून ते राहू दे. घेणार असशील तर लिहिले आहेत असं समज.

तुझा पत्ता रंगाच्या दुकानवाल्याने दिला. तोच, बाबांना डबा देताना झाकण स्वतः ठोकून घट्ट करून द्यायचा तो. शाईच्या कुठल्याशा प्रदर्शनात तुम्ही भेटलात म्हणे. तुझं स्वतःचं दुकान आहे, मोठं मशीन आहे, आणि बोर्डावरची अक्षरं आता तू काढत नाहीस, छापतोस. ऐकून बरं वाटलं, आणि जरा वाईटही वाटलं. तुला मुलगी आहे हेही त्यानेच सांगितलं. अकरा वर्षांची. म्हणजे अकरा वर्षं मी कुणाची तरी आत्या आहे आणि मला त्याची खबर नाही. वा रे भाऊ!

माझ्या अक्षराला हसू नकोस. ते असं नव्हतं, तुला ठाऊक आहे. बाबांनी आपल्या दोघांना पाटीवर ओळ आखून गिरवायला बसवलं होतं आणि अक्षर ओळीखाली उतरलं की काठीचं टोक बोटांवर यायचं. सध्या माझी मान धरली आहे, त्यामुळे हात भरकटतो. बाकी काही नाही.

घाबरू नकोस, मला पैसे नकोत. घराच्या वाटणीचंही काही नाही. घर भाड्याचं होतं आणि भाड्याचंच आहे. वाटणी करायचीच झाली तर घरमालकाला अर्धा अर्धा वाटून घ्यावा लागेल.

आई बरी आहे. कान गेलेत, जीभ शाबूत आहे. माझं शिवणकाम चालू आहे. शाळांचे गणवेश, पडदे, कुणाची पँट आखूड कर, कुणाची कंबर सैल कर. मध्यंतरी एका गिऱ्हाइकाने पँट परत आणली. बाजूची शिवण गुडघ्यापासून खाली वाट चुकली होती. मी म्हटलं, मशीन बिघडलंय. मशीनवाला आला, त्याने सगळं उघडलं, तेल घातलं, एक चिंधी शिवून बघितली आणि म्हणाला, "ताई, मशीन ठणठणीत आहे." मग मी त्याच्याशीच भांडले. माझा स्वभाव तुला नवा नाही.

बाबांबद्दल तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती एका पत्रात मावणार नाही. आधी तू दोन ओळी टाक, मग सांगते.

ताई


२६ फेब्रुवारी

खडू,

तुझं उत्तर नाही. लहानपणीही तू रुसलास की पलंगाखाली जाऊन बसायचास आणि मी बाहेर बसून एकटीच बडबडायची. तेव्हा मला सवय आहे.

मानेचं खोटं होतं. मान चांगली आहे.

झालं असं की मी वाण्याच्या दुकानाच्या पायरीवर पडले. पायरी नेहमीचीच, पाय नेहमीचेच, पण दोघांची गाठ पडली नाही. पिशवीतला साबण रस्त्यावर गेला. दोन माणसांनी मला उठवलं, आणि वाणी, जो मला फ्रॉकमध्ये असल्यापासून ओळखतो, हळूच म्हणाला, "काय ताई, सकाळी सकाळीच?"

मी त्याला काय बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. पण घरी येऊन दार लावून घेतलं आणि रडले. आपण बाबांना जे समजत आलो, तेच त्याने मला समजलं होतं.

मग मोठ्या इस्पितळात गेले. आईला बरोबर घेतलं, कारण तिला घरी ठेवलं की ती गॅस चालू ठेवून झोपते. मेंदूचा डॉक्टर आपल्यापेक्षा लहान असेल, पण शांत. त्याने मला फरशीच्या सांध्यावरून चालायला सांगितलं, एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत. मला हसूच आलं. आयुष्यभर सरळ शिवण मारली, आणि सरळ ओळीचीच परीक्षा. तिसऱ्या पावलाला भिंत धरली. मग म्हणाला, माझ्या बोटाला बोट लावा, मग स्वतःच्या नाकाला. माझं बोट त्याच्या बोटाच्या आजूबाजूला माशीसारखं फिरत राहिलं. त्याचं बोट समोर दिसत होतं, तरी ते मला सापडत नव्हतं.

त्याने विचारलं, "घरात आणखी कुणाला असं होतं का?"

मी म्हटलं, "नाही. वडील असेच चालायचे, पण ते प्यायचे."

आई शेजारच्या खुर्चीत पर्स पोटाशी धरून बसली होती. तिला काही ऐकू येत नाही असं आपण सगळे धरून चालतो. ती म्हणाली, "प्यायचे नाहीत. चूळ भरायचे."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. मी आईकडे बघत राहिले. ती समोरच्या भिंतीवरच्या पंख्याकडे बघत होती.

रक्त दिलं आहे. अहवाल यायला वेळ लागेल. तोवर तरी लिही रे.

ताई


२० मार्च

खडू,

अहवाल आला. आता मी सांगते ते नीट वाच. दोनदा वाचलंस तरी चालेल, मला तर चारदा ऐकावं लागलं.

डोक्याच्या मागे, न्हावी मानेवर मशीन फिरवतो त्याच्या जरा वर, एक लहान मेंदू असतो. मोठा मेंदू हुकूम सोडतो, कप उचल. पण हात किती लांब न्यायचा, कुठे थांबवायचा, बोटं किती आवळायची, हे लहान मेंदू बघतो. पाय कुठे टाकायचा, जिभेने शब्द कधी सोडायचा, घोट केव्हा गिळायचा, हे सगळं त्याच्याकडे. तो हळूहळू वाळत जातो. हुकूम सुटतो, पण वाटेत भरकटतो. आधी पाय, मग हात, मग बोलणं, शेवटी गिळणं. पंधरा वर्षं लागतात, वीस लागतात. बुद्धी मात्र शाबूत राहते. डॉक्टर हे मला धीर द्यायला म्हणाला आणि मला तेच सर्वांत वाईट वाटलं.

हे असं का होतं? शरीराच्या प्रत्येक पेशीत एक नमुना असतो. आमच्या कामात कागदी कटिंग असतं ना, ज्यावरून कापड बेततात, तसा. त्यात एका जागी एकच टाका लागोपाठ घातलेला असतो. तो सगळ्यांच्यात असतो, तीसएक वेळा, त्याने कुणाचं काही बिघडत नाही. आपल्या घराण्यात कापड पुढे सरकलंच नाही, मशीन तिथल्या तिथे धडधडत राहिलं. माझे टाके पंचेचाळीसच्या वर गेलेत. एका जागी इतके टाके बसले की खाली दोऱ्याचा गुंता होतो, हे तू माझ्या मशीनजवळ बसून कितीदा पाहिलंस. तसाच गुंता पेशीत होतो आणि पेशी मरते. आणि हा नमुना पुढच्या पिढीला देताना, बापाकडून जाताना जास्त करून, आणखी काही टाके वाढतात. म्हणून आजोबांना उतारवयात झालं, बाबांना चव्वेचाळिसाव्या वर्षी, मला त्याच्याही आधी. रोगाला त्यांनी मोठं लांबलचक नाव ठेवलंय, शेवटी एक आकडा आहे. लाखात दोन-चार लोकांना होतो. इतक्या दुर्मिळ गोष्टीत आपला नंबर लागला. लॉटरीत कधी लागला नाही. औषध नाही. तोल सांभाळायचे व्यायाम आहेत, तेवढेच.

आता बाबा.

आईने घरी आल्यावर सगळं सांगितलं. मी ओरडून विचारायची, ती हळू आवाजात सांगायची. मध्येच म्हणायची, "आता ओरडू नकोस, शेजारी ऐकतील." इतकी वर्षं झाली, तरी तिला शेजाऱ्यांची भीती!

आजोबा असेच चालायचे. मुलं त्यांच्यामागे नकला करत जायची. बाबांच्या बहिणीचं ठरलेलं लग्न त्यावरून मोडलं, त्या घराण्याच्या पायात शाप आहे म्हणून. बाबांनी हे विशीत पाहिलेलं. स्वतःचा पाय शिडीवर पहिल्यांदा चुकला तेव्हाच ते समजले. त्या संध्याकाळी त्यांनी दारूची एक बाटली आणली. आई म्हणते, "मी पदराने डोळे पुसत होते, तर मला म्हणाले, वेडी आहेस, ही प्यायची नाही. घराबाहेर पडताना घोटभर तोंडात घ्यायची, खळखळवायची आणि थुंकायची. थोडी शर्टाला लावायची." नळाच्या मागे, भिंतीजवळ थुंकायचे. तिथे काही उगवायचं नाही, आठवतं? एक बाटली त्यांना वर्षभर पुरायची. इतका काटकसरी दारुडा जगात दुसरा झाला नसेल.

कारण त्यांचं साधं होतं. पेंटर पिऊन आला तर ठेकेदार शिव्या देतो आणि म्हणतो, उद्या शुद्धीत ये. पेंटरला रोग आहे कळलं तर उद्या नसतोच. पिणाऱ्याच्या पोरीला नाकं मुरडत का होईना, स्थळ येतं. रोगाच्या घरात कुणी पाऊल टाकत नाही. शिवाय डॉक्टर म्हणाला की दारूही नेमकी त्या लहान मेंदूवरच जाऊन बसते, म्हणून माणूस झोकांड्या खातो, जीभ जड होते. म्हणजे बाबांचं सोंग बेमालूम होतं. मला स्थळ आलं, लग्न झालं, मूल होत नाही म्हणून ते मोडलं. त्या मुलासाठी मी किती बोलणी खाल्ली. आता वाटतं, जे पोर आलंच नाही ते शहाणं निघालं.

कापडाच्या दुकानाच्या उद्घाटनाला बाबा लाल रंगाच्या डब्यासकट शिडीवरून खाली आले, तू खाली दोरी धरून उभा होतास. माणसं हसली. तू वाकून त्यांचं तोंड हुंगलंस आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "हा माझा बाप नाही." संध्याकाळी तू गेलास. आई सांगते, त्या दिवशी त्यांनी चूळ जरा जास्तच भरली होती. माणसं जमणार होती ना.

ती त्यांना म्हणाली होती, निदान पोराला तरी खरं सांगा. ते म्हणाले, "जाऊ दे. चिडलेलं पोर पोटापाण्याला लागतं. घाबरलेलं घरात बसतं." शेवटी पाणी त्यांच्या घशाखाली उतरेना. चमच्याने घट्ट पेज भरवायची, तीही ठसका लागून बाहेर यायची. ओळखीच्या एका पेंटरकरवी तुला निरोप पाठवला होता. तू आला नाहीस. ते म्हणाले, "बरं झालं." तोंडातून शब्द नीट फुटत नव्हता, पण हे दोन शब्द आम्हाला कळले.

असा बाप होता रे आपला. मी दिवसभर त्यांचा अभिमान घेऊन फिरते आहे. दुसऱ्याचं भलं करायला माणूस स्वतःचं नावसुद्धा घाण करून घेतो, हे मी फक्त ऐकलं होतं.

आता एक चांगली बातमी, शेवटासाठी राखून ठेवली होती. डॉक्टर म्हणाला, हा रोग निम्म्या मुलांना जातो. आपण दोघं. निम्मे म्हणजे एक. तो एक मी. तू सुटलास, खडू! तुझी पोर सुटली! तू लहानपणी माझ्या वाटणीचं सगळं खायचास, हे मात्र एकटीने खाल्लं बघ मी. हसतोस का नाही?

ताई


८ एप्रिल

खडू,

आधीच्या पत्रातला शेवट खोड. काळ्या शाईने खोड.

इस्पितळात एक बाई आहेत, घरातल्या माणसांना समजावून सांगायला नेमलेल्या. मी त्यांना मोठ्या खुशीत सांगितलं की माझा भाऊ सुटला. त्यांनी मला पाणी दिलं. पाणी दिलं की समजावं, पुढे काहीतरी वाईट आहे.

त्या म्हणाल्या, "ताई, दोन मुलं म्हणजे सामान दोघांत वाटायचं नसतं. प्रत्येक मुलाच्या वेळी नाणं नव्याने उडतं."

मी म्हटलं, "पण माझ्या वेळी काटा पडला ना?"

"पडला. नाण्याला ते आठवत नाही."

चार मुलांपैकी चौघांनाही होऊ शकतं, चौघंही सुटू शकतात. तुला नसेल तर तुझ्या मुलीला असूच शकत नाही, हा रोग पिढी गाळून पुढे उडी मारत नाही. आणि तुला असेल तर तिचंही नाणं उडालेलं आहे, तिच्या जन्माच्या आधीच. फक्त ते अजून हवेत आहे. लहान मुलांची ही तपासणी करत नाहीत. मोठी झाल्यावर तिने स्वतः ठरवायचं. तुझंही तूच ठरवायचं. पुष्कळ लोक करतच नाहीत म्हणे. त्यांना मी नावं ठेवणार नाही.

मी विचारलं, "औषध नाही, तर सांगून उपयोग काय?" त्यांनी हातातली फाइल मिटली. मग म्हणाल्या, "उपयोग नसेलही." खोटं बोलल्या नाहीत म्हणून मला त्या आवडल्या.

तू सुटलास असं लिहिलं तेव्हा मी खरंच सुखात होते. पायाचं काही वाटेनासं झालं होतं. आपल्या वाट्याला आलं ते कुणाच्या तरी कामी आलं, असं वाटत होतं. आता ते कुणाच्याच कामी आलेलं नाही.

मला एवढंच सांग, तू कसा चालतोस? जिना उतरताना कठडा धरतोस का? चहा बशीत सांडतो का? गर्दीत कुणी धक्का न देता तुला धक्का लागतो का? फोनवर लोक तुला "काय म्हणालात?" असं पुन्हा विचारतात का? तपासणी नको करूस. बाकीचं काही लिहू नकोस. फक्त "नाही" एवढं लिही. पोस्टकार्डावर लिही, कुणी वाचलं तरी काही कळणार नाही.

ताई


१४ जून

खडू,

पत्र आलं. तुझं नाही, तुझ्या बायकोचं.

ती तुला न विचारता लिहिते आहे. तुझ्या टेबलाच्या खणात माझी पाकिटं तिला सापडली, रिकामी. आतली पत्रं तू जाळलीस. पाकिटांवर मागे माझा पत्ता होता. मी तिचं पत्र इथे उतरवते, तुला वाचायलाच हवं:

"तुम्हाला काय म्हणायचं तेही मला माहीत नाही. आमच्याकडे तुमचं नाव निघत नाही. मी मुलीला घेऊन आईकडे आले आहे. हे प्यायला लागले आहेत. लग्नाला तेरा वर्षं झाली, कधी थेंबाला शिवले नव्हते. कुणी आग्रह केला तर जेवणावरून उठून जायचे. गेल्या वर्षापासून चालणं जरा विचित्र झालं होतं. मी डॉक्टरकडे चला म्हटलं की अंगावर यायचे. दुकानातही कापताना हात चुकायला लागला. मला वाटलं, कामाचा ताण. आणि एप्रिलपासून बाटली घरी आली. रोज वास. शेजारी बघतात. भांडत नाहीत, मारत नाहीत, नुसते वास घेऊन समोर येऊन बसतात, जसं काही मी कधी निघते याची वाट बघत आहेत. माझी आई म्हणाली, दारुड्याजवळ पोरीला ठेवू नकोस. सगळेच म्हणाले, बरं केलंस. पण मला एक कोडं सुटत नाही. आधी पाय गेले आणि बाटली नंतर आली. असं कसं? आणि मुलगी म्हणते, बाबा ते पीत नाहीत, तोंडात खळखळ करून बेसिनमध्ये टाकतात. तिला वाटतं, दाताचं औषध आहे. तुमच्या पत्रांत काय होतं?"

खडू. अरे गाढवा!

हे मी तुला शिकवलं. बाबांच्या नावावरचा डाग पुसायला मी ते पत्र लिहिलं, आणि तू त्यातून फक्त कृती उचललीस. मी त्यात अभिमान ओतला होता, तोच तुला भोवला. तुझं म्हणणं मला न लिहिताही कळतंय. आजारी नवऱ्याला सोडून गेलेल्या बाईला जग जगू देत नाही. दारुड्याला सोडून गेली की जग तिची पाठ थोपटतं. तू तिला दार उघडून दिलंस. पोरीने तुझा राग करावा आणि मोठी होऊन पोटापाण्याला लागावं, घाबरून घरात बसू नये. बरोबर ना? बाबांचा शब्द न् शब्द.

पण तू एक विसरलास. तसा रागावून गेलेला पोरगा आपल्या घरात होऊन गेलाय. त्याचं काय झालं ते आता मला दिसतंय. तो माणूस बापाच्या शेवटच्या दिवसांत आला नाही. पुढे त्याला खरं कळलं, तेव्हा माफी मागायला बाप उरला नव्हता. मला उत्तर का लिहीत नाहीस ते मला माहीत आहे. तुला लाज वाटते. ती लाज तू तुझ्या पोरीसाठी आत्तापासून साठवून ठेवतो आहेस.

बाबा चुकले, खडू. हे मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलं, पण चुकले. आपण त्यांना हाताला धरून नळापर्यंत नेऊ शकलो असतो. आईने चमचा धरला, मी तो धरू शकले असते. ती सगळी वर्षं आपण त्यांच्याकडे पाठ करून जेवलो. त्यांनी आपल्याला रोगापासून वाचवलं नाही, ते त्यांच्या हातातच नव्हतं. त्यांनी आपल्याला फक्त त्यांच्यापासून वाचवलं.

इस्पितळातल्या बाई म्हणतात, हे तुझं आहे, तुझ्या बायकोला तूच सांगायचं, मला अधिकार नाही. मला पटतं. म्हणून मी तिला रोगाचं काही लिहिलं नाही. आईने डॉक्टरला सांगितलं, तेवढंच लिहिलं: "तो पीत नाही. चूळ भरतो. का, ते त्यालाच विचारा, आणि तो सांगेपर्यंत उठू नका."

माझ्यावर चिड. चिडून लिही, शिव्या घालून लिही, पण लिही.

ताई


२९ जून

खडू,

तुझ्या बायकोची चिठ्ठी आली. रविवारी ती मुलीला घेऊन तुझ्याकडे येते आहे. राहायला की फक्त विचारायला, ते तिने लिहिलेलं नाही. मीही खोटी आस लावून बसलेले नाही. सगळं ऐकल्यावर ती परत उठून गेली तर तिला वाईट म्हणू नकोस. तिच्या पोरीचं नाणं हवेत आहे हे कळल्यावर कुठल्या आईचे पाय जमिनीवर राहतील?

मी आणि आई शनिवारीच निघतो. गाडीचं बघितलं आहे. आईने तुझ्यासाठी बाबांची काठी बांधून घेतली आहे, रंगवताना हाताखाली धरायचे ती. आपल्या बोटांवर बसायची तीच. मी म्हटलं, तिचं काय करायचं त्याने, तो आता छापतो. तर म्हणाली, "हात टेकायला लागेल त्याला." तिला सगळं ठाऊक आहे. आम्ही तिच्यापासून लपवतो आणि ती आम्हाला लपवू देते.

तुला बरं वाटावं म्हणून सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. मी डॉक्टरला पुन्हा विचारलं, दोघांना असेल तर काही वेगळं असतं का. तो म्हणाला, नाही. मी दोन वर्षांत मशीन बंद करेन. सुईत दोरा ओवणं आताच संपलंय, शेजारणीकडून ओवून घेते. तू माझ्या मागोमागच आहेस, कदाचित पुढेही जाशील, धाकट्याचे टाके जास्त असू शकतात. मग एक दिवस आपल्या दोघांना कुणीतरी चमच्याने भरवेल. कोण, ते मला माहीत नाही.

तर रविवारी सकाळी ते तू घोटभर तोंडात घेतोस ना, ते घेऊ नकोस. बाटली मोरीत ओत. साध्या पाण्याने चूळ भर, धुतलेला शर्ट घाल आणि दारात ये. आम्ही कोपऱ्यावर उतरू. मी आईचा हात धरणार नाही, तिलाच पाडीन. भिंत धरून येईन, जिथे भिंत नाही तिथे तशीच येईन. तुझ्या गल्लीतली माणसं बघतील आणि म्हणतील, याची बहीणसुद्धा पिते. पोर खिडकीत असेल. तीही बघेल.

तेव्हा पायरी उतरून खाली ये. तोल गेला तर जाऊ दे. माझ्यापर्यंत ये आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग, ही माझी बहीण आहे. आम्ही असेच चालतो.

ताई